कांजी वाचता येते, पण हिरागाना नाही: मेंदूला इजा झाल्यावर जपानी वाचनाचं काय होतं?

जपानी शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: "आमच्या सेन्सेईंच्या ओळखीच्या एका जपानी आजोबांना स्ट्रोक आला. आता ते कांजी वाचतात, पण हिरागाना वाचता येत नाही म्हणे. आम्ही हिरागाना दोन आठवड्यांत शिकलो आणि कांजीशी वर्षानुवर्षं झटतोय, मग हे उलटं कसं? कांजी म्हणजे चित्रं, म्हणून ती उजव्या मेंदूत असतात का? आणि मराठी माणसाला असं काही होऊ शकतं का?"

मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आहे. वाचाघात झालेल्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडलेल्या, रुग्णांसोबत काम करता करता जपानी शिकले, आणि काही महिने जपानमधल्या एका पुनर्वसन रुग्णालयात निरीक्षक म्हणून बसले. त्या आजोबांना जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते खरं आहे आणि फार दुर्मीळही नाही. पण त्याचं कारण उजवा मेंदू नाही.

आधी एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. टेबलापलीकडे सत्तरीचे एक गृहस्थ, डाव्या मेंदूत गुठळी होऊन दोन महिने झालेले. उपचारतज्ज्ञ बाईंनी 'डोंगर' या अर्थाच्या कांजीचं कार्ड समोर धरलं. तीन उभ्या रेघा, मधली उंच, खाली एक आडवी. आजोबा लगेच म्हणाले, "यामा." मग बाईंनी दुसरं कार्ड ठेवलं. त्यावर तोच शब्द हिरागानात, म्हणजे ध्वनी दाखवणाऱ्या लिपीत होता, 'या' आणि 'मा' अशी दोनच अक्षरं, जी तिथलं बालवाडीतलं पोरही वाचतं. आजोबा थांबले. ओठ हलले, आवाज फुटेना. उजव्या तर्जनीने मांडीवर पहिलं अक्षर गिरवलं, पुन्हा गिरवलं, "या... या..." म्हणाले, आणि दुसऱ्या अक्षरापाशी अडकले. बाईंनी शांतपणे कांजीचं कार्ड पुन्हा शेजारी ठेवलं. "आ, यामा का!" असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेली नाही. शब्द त्यांच्याकडे होता, अर्थ होता, उच्चारही होता. फक्त त्या दोन अक्षरांपासून तिथवर जाणारी वाट बंद झाली होती.

ही 'वाट' समजायला जपानी लिपीबद्दल थोडं बोलावं लागेल. तुम्हाला हे माहीत आहे, पण वाचणाऱ्या सगळ्यांना नसेल. हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्यांत मूळ ४६-४६ अक्षरं. दोन्हींना मिळून 'काना' म्हणतात. एक अक्षर म्हणजे जवळजवळ नेहमी एकच ध्वनी, आपल्या बाराखडीसारखं. कांजीचं तसं नाही. नित्य वापराच्या कांजींची सरकारी यादी २०१० पासून २१३६ चिन्हांची आहे, त्यातली १०२६ प्राथमिक शाळेतच शिकवतात. कांजी आधी अर्थ सांगते, उच्चार मात्र शेजारी कोण आहे त्यावर ठरतो.

मराठी वाचकाला हे अवघड वाटायचं कारण नाही, कारण आपल्याकडेही मूठभर कांजी आहेत: आकडे. '१' हे चिन्ह एकटं असेल तर आपण 'एक' वाचतो, '११' मध्ये 'अकरा', आणि '१ला' लिहिलं की बिनदिक्कत 'पहिला' म्हणतो. '२रा' म्हणजे 'दुसरा'. 'एकला' किंवा 'दोनरा' असं कोणी म्हणत नाही. चिन्ह तेच, अर्थ तोच, उच्चार मात्र शब्द ओळखल्यावरच कळतो. कांजीचं वाचन असं आहे, फक्त दहा चिन्हांऐवजी दोन हजारांचं.

म्हणजे डोळ्यांपासून उच्चारापर्यंत पोचायला मेंदूत निदान दोन वाटा लागतात. एक वाट अक्षर-ध्वनी-अक्षर-ध्वनी अशी पायरीपायरीने जाते. दुसरी अख्खा शब्द ओळखून अर्थाकडे जाते आणि तिथून उच्चार आणते. दोन्ही वाटा प्रत्येक वाचकाला असतात, तुम्हाला, मला, इंग्रजाला. पण जपानी लिपीत त्या कागदावरच वेगळ्या दिसतात, म्हणून मेंदूविज्ञानाला जपानी रुग्णांनी एवढं शिकवलं.

काना जाते आणि कांजी उरते, हा प्रकार शास्त्रीय पद्धतीने मांडणाऱ्यांत सुमिको सासानुमा आणि ओसामु फुजिमुरा यांचं १९७१ चं काम महत्त्वाचं आहे. त्यांनी वाचाघाताच्या रुग्णांना कांजी आणि काना वेगवेगळे तपासले. ज्यांना वाचाघातासोबत उच्चाराच्या हालचाली जुळवण्याचाही त्रास होता, त्यांची काना जास्त बिघडलेली निघाली. हे पटण्यासारखं आहे. ध्वनी सुटे करणं, क्रमाने लावणं, लक्षात धरून ठेवणं ही यंत्रणाच जखमी झाली, तर ध्वनीवर उभी असलेली लिपी आधी कोसळणार. शिकायला सोपी म्हणून टिकायला भक्कम, असं नसतं. तुम्ही हिरागाना दोन आठवड्यांत शिकलात कारण तुमच्या मेंदूत ध्वनी फोडण्याचं यंत्र शाबूत आहे. आजोबांचं तेच मोडलं आहे.

आता उलटा प्रकार, जो मला जास्त गूढ आणि जास्त दुःखद वाटतो.

१९४३ साली इमुरा त्सुनेओ या जपानी मनोविकारतज्ज्ञांनी एका वेगळ्या वाचाघाताचं वर्णन केलं आणि त्याला 'गोगी' म्हणजे 'शब्दार्थाचा' वाचाघात म्हटलं. हा रुग्ण बोलतो अस्खलित. तुम्ही म्हटलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणतो. काना वाचतो, काना लिहितो. पण "एन्पित्सु द्या" म्हटलं तर विचारतो, "एन्पित्सु म्हणजे काय?" एन्पित्सु म्हणजे पेन्सिल, त्याच्या हातासमोर पडलेली. शब्दाचा आवाज आहे, व्याकरण आहे, अर्थ मात्र निघून गेला आहे.

आणि अर्थ गेला की कांजीचं काय होतं बघा. जपानीत कोळंबीला 'एबी' म्हणतात. ते दोन कांजींनी लिहितात: 'समुद्र' आणि 'म्हातारा'. वाकलेली पाठ, लांब मिशा, समुद्रातले आजोबा. सुंदर शब्द आहे. पण 'एबी' हा उच्चार त्या दोन चिन्हांपैकी कुणातच नाही. तो पूर्ण शब्द ओळखला तरच येतो. गोगी वाचाघाताचा रुग्ण ही दोन चिन्हं पाहतो आणि एकेकीचा नेहमीचा उच्चार जोडून 'काइरो' वाचतो. भाजीवाल्याचं दुकान म्हणजे 'याओया', लिहिताना 'आठशे' आणि 'दुकान'. तो वाचतो 'हाप्प्याकुया', कारण आठशेला एरवी हाप्प्याकु म्हणतात. घड्याळ 'तोकेइ', चिन्हं 'वेळ' आणि 'मोजणे', त्याच्या तोंडी 'जिकेइ'. प्रवासातून आणायची भेट 'मियागे' त्याच्यासाठी 'दोसान' होते. या चुका वेड्यावाकड्या नाहीत. प्रत्येक चिन्हाचा तो उच्चार खराच आहे, फक्त या शब्दात नाही. कुणी '१ला' पाहून 'एकला' वाचावं तसं.

इमुरांच्या काळी मेंदूचा आतला भाग जिवंतपणी आजच्यासारखा स्पष्ट पाहण्याची सोय नव्हती. १९९० च्या दशकात जपानी डॉक्टरांनी दाखवून दिलं की हा आजार म्हणजे ज्याला आज सिमँटिक डिमेन्शिया म्हणतात, जवळपास तोच आहे. टेम्पोरल लोबचा, म्हणजे कानाच्या आतल्या अंगाला असलेल्या भागाचा, पुढचा टोकाकडचा भाग हळूहळू आक्रसत जातो, बहुतेकदा डावीकडे जास्त. स्ट्रोकसारखा एका दिवसात नाही, वर्षांच्या हिशोबात. जपानी उपचारतज्ज्ञ तपासताना म्हणीचा पहिला भाग म्हणतात: "माकडसुद्धा झाडावरून..." कुठलाही जपानी माणूस "पडतं" म्हणून ती पुरी करतो. या रुग्णांची म्हण पुरी होत नाही. आपल्याकडे "नाचता येईना..." म्हटल्यावर समोरचा माणूस नुसता आपल्याकडे पाहत राहिला, तर काळजात जे होईल ते तिथल्या घरच्यांचं होतं.

कांजी बिघडण्याचा दुसरा प्रकार स्ट्रोकमधला. डाव्या टेम्पोरल लोबच्या खालच्या-मागच्या भागाला इजा झाली तर कांजी वाचता येत नाहीत आणि लिहिताही येत नाहीत, काना बऱ्यापैकी टिकते. काहींना वाचन परत येतं, पण कांजी लिहिणं येत नाही. १९८९ मध्ये फक्त कांजी-लेखन गेलेल्या अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणूस आयुष्यभर लिहिलेलं चिन्ह आठवायला बसतो, रूपरेषा मनात तरळते, पेन टेकलं की विरते. मग तो ते सगळं काना लिपीत लिहून काढतो. पोस्टकार्ड वाचणाऱ्याला ते सहा वर्षांच्या मुलाने लिहिल्यासारखं दिसतं, आणि त्याचीच रुग्णांना सगळ्यात जास्त लाज वाटते. म्हणून घरच्यांना मी हे नेहमी सांगते: काना लिपीत लिहिलेलं पत्र म्हणजे माणसाची बुद्धी गेली असं नाही.

या सगळ्यावरून जपानी मेंदूतज्ज्ञ इवाता माकोतो यांनी १९८४ मध्ये एक नकाशा मांडला. डाव्या मेंदूतच दोन रस्ते. काना लिपीसाठी मागून वर जाणारा, अँग्युलर गायरस नावाच्या मेंदूच्या घडीतून, ध्वनीकडे. कांजीसाठी मागून खाली जाणारा, टेम्पोरल लोबच्या खालच्या-मागच्या भागातून, अर्थाकडे. विद्यार्थ्यांना समजवायला हा नकाशा आजही उत्तम आहे. पण तो जसाच्या तसा धरू नका. साकुराई यासुहिसा यांनी पुढे कितीतरी रुग्णांच्या इजा बारकाईने तपासल्या, त्यातून चित्र जास्त गुंतागुंतीचं झालं. उदाहरणार्थ, त्याच खालच्या पट्ट्यात अजून मागे सरकलं की उलट काना लिपीचंच वाचन जास्त बिघडतं. 'खालचा रस्ता कांजीचा' म्हणून फाइल बंद करता येत नाही.

शिवाय एक गोष्ट नेहमी विसरली जाते: शब्द कुठल्या रूपात ओळखीचा आहे. टीव्हीला जपानीत 'तेरेबी' म्हणतात आणि तो कायम काताकानात लिहितात. रोज हजारदा पाहिलेला तो अख्खा शब्द रुग्ण एका नजरेत वाचू शकतो, अगदी काना बिघडलेली असतानाही. तोच शब्द हिरागानात लिहा, किंवा त्याच अक्षरांची अदलाबदल करून अर्थहीन शब्द बनवा, की तो अडतो. म्हणजे तुटलं ते 'काना लिपीचं दुकान' नाही, तुटली ती सुटे ध्वनी जुळवण्याची वाट, आणि काना बहुतेक वेळा त्या वाटेने जाते एवढंच. मला या सगळ्या विषयात एकच गोष्ट ठासून सांगायची असेल तर ती ही: मेंदू लिप्यांचे कप्पे करत नाही. इजा लिपीला होत नाही, कामाला होते. कुठलं काम गेलं आणि कुठलं उरलं, हे लिपीमुळे आपल्याला दिसतं.

आता उजव्या मेंदूचा समज. तो उगाच आलेला नाही. १९७० च्या दशकात निरोगी लोकांना पडद्याच्या डाव्या बाजूला क्षणभर एकेक कांजी दाखवण्याचे प्रयोग झाले. डावीकडचं दृश्य आधी उजव्या मेंदूत जातं, आणि तिथे सुटी कांजी थोडी बरी ओळखली गेली. त्यावरून 'कांजी उजव्या मेंदूत' हे वाक्य जगभर पसरलं. पण सुटं चिन्ह क्षणभर ओळखणं आणि शब्द वाचणं या वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्णांकडून मिळणारा पुरावा स्पष्ट आहे. बहुसंख्य उजव्या हाताच्या जपानी माणसांत, मी वर सांगितलेल्या सगळ्या इजा, कांजीच्याही, डाव्या मेंदूतल्या आहेत. कांजी चित्र म्हणून वाचली जात नाही, भाषा म्हणून वाचली जाते. उजव्या मेंदूच्या स्ट्रोकचा वाचनावर परिणाम होतो तो वेगळा: काही रुग्णांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. जपानी उभा मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, त्यामुळे ते पानाचा शेवट सोडून देतात. आपल्या आडव्या मजकुरात तेच रुग्ण ओळीची सुरुवात गाळतात.

मांडीवर बोटाने गिरवण्याबद्दल मुद्दाम सांगायला हवं. फ्रान्समध्ये मेंदूतज्ज्ञ देजेरीन यांनी १८९२ मध्ये वर्णन केलेला रुग्ण लिहू शकत होता पण स्वतःचंच लिहिलेलं वाचू शकत नव्हता. आकडे मात्र त्याला वाचता येत होते. अक्षराच्या कडेने बोट फिरवलं की त्याला ते ओळखता येई. डोळ्यांची वाट बंद, हाताची चालू. जपानमध्ये ही हाताची वाट विशेष रुंद आहे, कारण तिथे निरोगी माणसंसुद्धा एखादी कांजी आठवत नसली की हवेत किंवा तळहातावर बोटाने लिहून पाहतात. त्याला 'कूशो' म्हणतात. हजारो चिन्हं वर्षानुवर्षं गिरवून शिकलेल्या हातात ती साठलेली असतात. शुद्ध वाचनलोपाच्या, म्हणजे लिहिता येतं पण वाचता येत नाही अशा, रुग्णांना उपचारात आम्ही हे गिरवणं थांबवत नाही, उलट शिकवतो.

मग मराठी माणसाचं काय? देवनागरी बरीचशी काना लिपीसारखी आहे: जसं लिहिलं तसं वाचायचं. म्हणून ध्वनीची वाट तुटली तर आपल्याला लगेच कळतं. रुग्ण 'आई', 'पुणे', स्वतःचं नाव एका नजरेत ओळखतो आणि अनोळखी आडनावापाशी, जोडाक्षरापाशी कोसळतो. पण अर्थाची वाट तुटली तर? मराठीत ते लपतं. सिमँटिक डिमेन्शियाचा मराठी माणूस वर्तमानपत्र खणखणीत वाचून दाखवील, कारण बाराखडी उच्चार पुरवत राहते. घरचे म्हणतात, "बाबा पेपर वाचतात की, त्यांना काय झालंय?" जपानी माणसाची कांजी त्याच टप्प्यावर 'काइरो' म्हणून ओरडून सांगते की काहीतरी बिघडलं. आपली लिपी गप्प बसते. त्यामुळे वाचून दाखवणं ही मराठी रुग्णाची परीक्षाच नव्हे. वाचलेलं काय कळलं, ते विचारायला हवं.

तरी मराठीतही एक छोटी फट आहे, आणि मी ती वापरते. आपल्या च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार असतात, लिहिताना फरक दिसत नाही. 'जग सुंदर आहे' आणि 'तू सुखाने जग', यातल्या दोन 'जग'चे उच्चार वेगळे. 'चार' आणि 'चारा' तसंच. कुठला उच्चार करायचा हे अर्थावरून कळतं. '१ला', '२रा' हेही मी कार्डांवर ठेवते. यावरून निदान होत नाही, पण चुका होऊ लागल्या तर पुढची तपासणी करायला हे मला पुरेसं कारण असतं.

शेवटी उपचार, कारण प्रश्नाच्या तळाशी आजोबांची काळजी आहे. जपानमध्ये १९९७ च्या कायद्याने 'गेन्गो चोकाकुशी', म्हणजे वाचा-भाषा-श्रवण उपचारतज्ज्ञ, हा परवानाधारक व्यवसाय झाला. वाचाघाताच्या त्यांच्या प्रमाण चाचणीत कांजी आणि काना मुद्दाम वेगळी तपासतात. तेव्हा काय उरलं आहे हे त्यांना आधीच माहीत असेल. काना गेली आणि कांजी उरली अशा रुग्णांसाठी तिथे 'कीवर्ड' पद्धत वापरतात. प्रत्येक काना अक्षराला रुग्णाला येणारा एक कांजी शब्द बांधायचा. 'आ' या अक्षरासाठी 'आमे', म्हणजे पाऊस. त्याची कांजी रुग्णाला येते: वर आडवी रेघ, खाली चौकट, आत चार थेंब. आधी 'आ'चं कार्ड दिसलं की ती कांजी आठवायची, तिच्यावरून 'आमे' म्हणायचं, मग त्यातला पहिला ध्वनी वेगळा काढायचा: आ. 'इ'साठी 'इनु', कुत्रा. अर्थाची शाबूत वाट वापरून ध्वनीची तुटलेली वाट एकेक अक्षराने बांधायची. ४६ अक्षरांना महिने लागतात, आणि पहिला ध्वनी वेगळा काढणं हेच अनेकांना सगळ्यात अवघड जातं.

तुमच्या सेन्सेईंना सांगा, भेटायला जाताना आजोबांना हिरागानात चिठ्ठी लिहू नका, 'सोपं' म्हणून तर मुळीच नाही. कांजीत लिहा, मोठ्या अक्षरात, छोटे शब्द. आणि ते बोटाने गिरवू लागले तर थांबा, त्यांच्या वतीने शब्द पुरा करू नका. मी पाहिलेले ते गृहस्थ तिसऱ्या महिन्यात 'मा'पाशी अडले की मांडीवर हिरागाना गिरवायचे नाहीत. ते घोड्याची कांजी गिरवायचे, जपानीत घोड्याला 'उमा' म्हणतात आणि त्या कांजीचा एक उच्चार 'मा'सुद्धा आहे. ते त्यांचं त्यांनीच शोधून काढलं होतं, यादीत बाईंनी दुसराच शब्द दिला होता. बाईंनी स्वतःचा शब्द खोडला आणि घोडा लिहिला.